ताई, ती डिस्क परत लावू नका, आणि लॅपटॉपमधली जुनी डिस्क आधी शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताईंचा लॅपटॉप फार स्लो झाला होता म्हणून दुकानात दिला, देण्याआधी सगळा डेटा १ टीबीच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घेतला, दुकानातनं एसएसडी (आत फिरणाऱ्या चकत्या नसलेली, चिपवाली वेगवान डिस्क) टाकून नवीन विंडोज घालून लॅपटॉप परत आला. तीन आठवड्यांनी ती एक्स्टर्नल डिस्क टेबलावरून फरशीवर पडली. आता लावली की टक टक आवाज येतो, कधी दिसते कधी नाही, आणि विंडोज म्हणतंय फॉरमॅट करा. भावाने एक रिकव्हरी सॉफ्टवेअर लावून रात्रभर चालू ठेवलं, सकाळी ४ टक्के झालं होतं. आत पीएचडीचं चार वर्षांचं काम आहे, माण आणि जत भागातल्या धनगरी ओव्यांचं १४० तासांचं रेकॉर्डिंग आहे, आणि त्या ओव्या म्हणणाऱ्यांपैकी दोघं आता हयात नाहीत. ताईंनी विचारलंय की बॅकअप घेतला होता तरी असं कसं झालं, आणि आता काय करू.

मी सांगलीत बावीस वर्षं हेच काम करतोय, कॉम्प्युटर रिपेअरिंग आणि त्यातही जास्त करून डेटा परत काढायचं. तुमचं वाचल्यावर हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो, कारण यात वेळेला किंमत आहे.

ताई, आधी ती डिस्क काढून ठेवा आणि परत कुठल्याही मशीनला लावू नका. एकदाच बघते, असंही नको. हार्ड डिस्कच्या आत चकत्या असतात, त्या मिनिटाला ५४०० वेळा फिरतात, आणि त्यांच्यावरून वाचणारं हेड चकतीला न टेकता काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगत असतं. आपला केस त्या अंतराच्या हजारो पट जाड आहे. डिस्क पडल्यावर टक टक आवाज येतो तो बहुतेक वेळा हेडचा असतो, त्याला वाचता येत नाहीये म्हणून ते परत परत जागेवर जाऊन पुन्हा प्रयत्न करतंय. हेड वाकलेलं किंवा तुटलेलं असेल तर ते चकतीला घासतं आणि जिथं घासलं तिथला डेटा खरवडून जातो, तो जगात कुणीही परत आणू शकत नाही. भावाने रात्रभर जे चालवलं त्यात डिस्कवरचा प्रत्येक सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचा एकेक छोटा कप्पा, वाचायला लावला गेला, म्हणजे दुखावलेल्या पायाने रात्रभर चालायला लावल्यासारखं झालं. भावाला दोष देऊ नका, त्याने मदत म्हणूनच केलं आणि इंटरनेटवर सगळीकडे पहिला सल्ला तोच मिळतो. पण माझ्याकडे जो डेटा वाचू शकला नाही त्यातला बराचसा मूळ अपघाताने गेलेला नव्हता, अपघातानंतरच्या पहिल्या दोन दिवसांतल्या खटपटीत गेला होता, आणि हे बघून मला दरवेळी वाईट वाटतं.

विंडोज फॉरमॅट करू का विचारतं तेव्हा कॅन्सल. स्कॅन अँड फिक्स विचारलं तरी कॅन्सल, चेकडिस्क चालवायचं नाही. ते फाइल सिस्टीम नीट करायला डिस्कवर लिहितं, तुमच्या फाइल वाचवणं हे त्याचं काम नाही, मग नंतर फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये नाव नसलेले तुकडे मिळतात. डिस्क फ्रिजरमध्ये ठेवा असं कुणी सांगेल, ऐकू नका, आत दव धरतं. झाकण उघडून बघणं तर अजिबातच नको. खालची हिरवी पट्टी दुसऱ्या डिस्कची लावून बघू असं काही मेकॅनिक म्हणतात, ते वीस वर्षांपूर्वी कधीकधी चालायचं, आता त्या पट्टीवरच्या चिपमध्ये त्या एका डिस्कचीच माहिती भरलेली असते, ती चिप काढून बसवल्याशिवाय उपयोग नसतो. शिवाय हल्लीच्या बऱ्याच एक्स्टर्नल डिस्कमध्ये यूएसबीचं पोर्ट थेट त्या पट्टीवरच असतं, काहींत सगळा डेटा त्या पट्टीवरच एन्क्रिप्ट होतो, म्हणजे चावीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात जातो, त्यामुळे केसिंग फोडून आतली डिस्क लॅपटॉपला लावू हा मार्गही बंद असतो.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नात हीच सगळ्यात महत्त्वाची आहे, तुम्ही ती एका ओळीत लिहून पुढे गेलात. एसएसडी टाकली म्हणजे आधी त्या लॅपटॉपमध्ये जी हार्ड डिस्क होती ती काढली. ती कुठं आहे? तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत तुमचा सगळा डेटा तिच्यावरच होता. दुकानात साधारण तीनपैकी एक होतं. एक म्हणजे जुनी डिस्क एसएसडीच्याच खोक्यात घालून गिऱ्हाईकाला परत देतात आणि ते खोकं कपाटात पडून राहतं. दुसरं म्हणजे डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडी, म्हणजे डिस्क बसवायची चौकट, घालून त्यात जुनी डिस्क बसवून देतात, तसं असेल तर तुमच्या लॅपटॉपमध्ये डी किंवा ई ड्राइव्ह म्हणून ती दिसत असेल, ती फॉरमॅट केलेली असली तरी त्यावर आता काहीही टाकू नका. तिसरं म्हणजे ती दुकानातच राहते, काउंटरखालच्या खोक्यात, आणि कुणी सेकंडहँड डिस्क मागितली की फॉरमॅट होऊन त्याच्या मशीनमध्ये जाते. तिसरं असेल तर एकेक दिवस मोलाचा आहे. आज रात्री दुकान बंद असेल तर मालकाच्या मोबाइलवर फोन करा, डिस्क बाजूला काढून ठेवायला सांगा, ती कुठल्याही मशीनला लावू नका म्हणा, आणि सकाळी स्वतः जाऊन घेऊन या.

ती मिळाली तर घरी लावून बघायचा मोह होईल. थोडं थांबा. लॅपटॉप स्लो झाला होता तो त्या डिस्कमुळेच असण्याची शक्यता मोठी आहे, खराब सेक्टर आले की विंडोज तेच तेच वाचत बसतं. म्हणून जाणकाराकडे न्या आणि सांगा की आधी पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, घ्या, फाइल नंतर बघू. आम्ही हे लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाच्या सॉफ्टवेअरने करतो, ते चांगला भाग आधी वाचून घेतं आणि अडलेल्या जागी शेवटी परत येतं, त्यामुळे डिस्क मध्येच गेली तरी बरंचसं हातात आलेलं असतं. डिस्क किती खराब आहे ते स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्या, आकड्यांत कळतं, क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघायच्या, तिथं शून्याच्या पुढे आकडा असेल तर ती डिस्क आता भरवशाची नाही. दुसऱ्या मशीनला लावल्यावर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची, ४८ आकडी की (चावी) मागितली तर घाबरू नका, तो लॅपटॉप ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर लॉगिन होता त्या अकाउंटमध्ये ती बहुतेक वेळा साठवलेली असते. (हेच नवीन लॅपटॉपवाल्यांनी पण आत्ताच बघून घ्या, विंडोज ११ च्या २४एच२ पासून नवीन मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, आणि मदरबोर्ड बदलला की तीच चावी मागतं. अकाउंट मुलाच्या नावाचं, मुलाचा तो नंबर बंद, अशा दोन केस माझ्याकडे आल्या आणि डिस्क ठणठणीत असून मला काही करता आलं नाही.)

तिसरी जागा तुमचा रेकॉर्डर. १४० तास रेकॉर्डिंग कार्डावर झालं असणार, कार्ड भरलं की लॅपटॉपवर कॉपी, मग कार्ड फॉरमॅट, मग पुढचं गाव, असंच ना? रेकॉर्डर किंवा कॅमेऱ्यातलं फॉरमॅट बहुतेक वेळा फक्त अनुक्रमणिका पुसतं, पुस्तकाची पानं तशीच असतात, नवीन रेकॉर्डिंग होईल तसतशी ती एकेक करून झाकली जातात. त्यामुळे प्रत्येक कार्डावर शेवटच्या भरण्यातलं तर बहुतेक मिळेल, त्याच्याखाली जुनंही काही मिळू शकतं. सगळी कार्डं काढा, लॉकची छोटी पट्टी असेल तर लॉक करा, आणि फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे ते चालवा. नाव फोटोचं असलं तरी ते आवाजाच्या फाइलही शोधतं. कार्डात हार्ड डिस्कसारखं हलणारं काही नसतं, त्यामुळे हे घरी करायला हरकत नाही, फक्त मिळालेल्या फाइल दुसऱ्या डिस्कवर सेव्ह करा, त्याच कार्डावर नाही. फाइलची नावं मिळणार नाहीत, एफ आणि पुढे आकडे अशी नावं येतील, म्हणजे ऐकून ऐकून कुणाची ओवी कुठल्या वाडीतली ते लावावं लागेल. तुम्ही त्या माणसांसमोर बसून ऐकलंय, तुम्हाला ते ओळखू येईल, दुसऱ्या कुणाला येणार नाही.

प्रबंधाच्या मजकुराची मला त्या मानाने कमी काळजी वाटते. गाइडना मेल केलेले चॅप्टर तुमच्या सेंट मेलमध्ये असतील, लायब्ररीत प्लेजिअरिझम तपासायला दिलेली कॉपी असेल, प्रिंट काढली त्या डीटीपीवाल्याच्या डाउनलोड फोल्डरमध्ये असेल, व्हॉट्सअपवर स्वतःला किंवा मैत्रिणीला पाठवलेली असेल. कुणा गायकाच्या नातवाला त्याच्या आजोबांची क्लिप पाठवली होती का, हेही आठवा. कागद घ्या आणि चार वर्षांत फाइल कुणाकुणाकडे गेली ते सगळं लिहून काढा, अशी यादी करताना लोकांना हमखास विसरलेलं आठवतं.

एवढं करून मग पडलेली डिस्क. ती जुनी डिस्क नीट निघाली तर हिच्यावर खर्चच करायची गरज नाही, म्हणून हा क्रम सांगतोय, नाहीतर घाबरून लोक आधी इकडेच पळतात. करायचं ठरलंच तर ज्यांच्याकडे स्वतःची क्लीन रूम, म्हणजे डिस्क उघडायची धूळमुक्त खोली, आहे अशा लॅबमध्येच द्या. माझ्याकडे क्लीन रूम नाही, त्यामुळे टक टक करणारी डिस्क मी उघडत नाही, पुढे पाठवतो, आणि तुमच्या गावातला दुकानदार मी उघडतो म्हणाला तर तिथं देऊ नका. लॅबवाले त्याच मॉडेलची दुसरी डिस्क आणून तिचं हेड काढून तुमच्या डिस्कला बसवतात, त्या हेडवर जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात इमेज घेतात. खर्च पाच आकडी होतो. विचारायचं एवढंच की तपासणीचे पैसे किती, डेटा नाही मिळाला तर पैसे किती, आणि पैसे भरायच्या आधी मिळालेल्या फाइलची यादी दाखवणार का. डिस्क पडली होती आणि नंतर रात्रभर चालवली होती हे खरं खरं सांगा, लपवू नका, डॉक्टरला सांगतो तसंच. आणि कुठलं फोल्डर सगळ्यात महत्त्वाचं ते चिठ्ठीवर लिहून द्या, ते दोघं गेलेत त्यांचं रेकॉर्डिंग आधी.

आता "बॅकअप घेतला होता तरी". ताई, तुम्ही कॉपी केली तेव्हा तो बॅकअप होता. मूळ डिस्क लॅपटॉपमधनं निघाली त्या क्षणी ती कॉपीच मूळ झाली, एकुलती एक झाली, फक्त तुमच्या मनात तिचं नाव बॅकअपच राहिलं. हे इतक्या लोकांचं होतं की मी आता गिऱ्हाईक आलं की बॅकअप आहे का असं विचारतच नाही. मी विचारतो, हीच फाइल आत्ता या घडीला आणखी कुठं आहे, मला उघडून दाखवा. निम्मी लोकं तिथं गप्प होतात. कुणाची सी वरनं डी वर घेतलेली कॉपी असते, डिस्क तर एकच. कुणाचं गूगल ड्राइव्हवर सिंक असतं, पण सिंक म्हणजे आरसा, इकडं डिलीट केलं की तिकडंही डिलीट, रिसायकल बिनमध्ये थोडे दिवस राहतं तेवढंच.

ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगलीत ज्यांनी बघितला त्यांना हे वेगळं सांगायला लागत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, गणपती पेठ, मारुती चौक, हरभट रोड सगळं पाण्यात. एका व्यापाऱ्याचं दुकान होतं, त्यांच्या टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी न चुकता पेनड्राइव्हवर घेतला जायचा, शिस्तीचा माणूस, आणि तो पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. पाणी ओसरल्यावर कॉम्प्युटर, ड्रॉवर, पेनड्राइव्ह सगळं एकाच गाळात मिळालं. त्यांनी डिस्क उन्हात वाळवून मग माझ्याकडे आणली. भिजलेली डिस्क वाळवायची नसते, ओली असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून न्यायची, कारण गाळ चकतीवर वाळला की काढताना चकतीचं नुकसान होतं, आणि सुरू तर अजिबात करायची नसते. हे त्यांना कोण सांगणार, आधी कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी त्यांचा डेटा वाचला तो मिरजेतल्या त्यांच्या सीएच्या ऑफिसमुळे, ऑडिटसाठी मार्चअखेरची कॉपी तिथं गेली होती, पुढच्या चार महिन्यांची बिलं त्यांनी आलेल्या-गेलेल्या पार्ट्यांकडून मागून मागून परत टाकली. जीएसटीत हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून ७२ महिने ठेवावी लागतात, आणि कंपनी असेल तर ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज घ्यायचा नियम आहे. पण तो दुसऱ्या जागी हवा, ही गोष्ट नियमापेक्षा कृष्णामाईने जास्त शिकवली.

आणखी एक प्रकार सांगतो कारण तुमच्याकडे क्रॅक सॉफ्टवेअर असेल तर उपयोगी पडेल. एका अकाउंट ऑफिसमध्ये एक्स्टर्नल डिस्क होती, ऑटोमॅटिक बॅकअप लावलेला, सगळं पद्धतशीर, फक्त डिस्क दिवसरात्र मशीनला लावलेली. मुलाने कुठलं तरी क्रॅक डाउनलोड केलं आणि रॅन्समवेअर, म्हणजे फाइल लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, आलं, त्याने कॉम्प्युटरबरोबर त्या डिस्कवरच्या फाइलही लॉक केल्या, त्याला ती नुसती आणखी एक ड्राइव्ह. असं झालं तर नेट तोडा, लॉक झालेल्या फाइल फेकू नका, वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा आणि नो मोअर रॅन्सम या साइटवर बघा, युरोपोल, डच पोलिस आणि अँटिव्हायरस कंपन्यांनी २०१६ मध्ये ती सुरू केली, काही जातींची चावी तिथं फुकट मिळते. काहींची मिळत नाही. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवायची, ती याच्यासाठी.

मोठ्यांचंही होतं, तुम्ही स्वतःला फार लावून घेताय असं वाटलं म्हणून सांगतो. गिटलॅब ही प्रोग्रॅमर लोकांचे कोड सांभाळणारी कंपनी, ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या इंजिनिअरकडून चुकीच्या सर्व्हरवरचं डेटाबेसचं फोल्डर डिलीट झालं. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या आणि त्यातली एकही वेळेला नीट चाललेली नव्हती, एक तर व्हर्जन जुळत नसल्यामुळे आधीपासून फेल जात होती आणि ती फेल गेल्याचे मेल कुणाला पोचतच नव्हते. कुणीतरी वेगळ्याच कामासाठी सहा तास आधी घेतलेला एक स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या घडीची नक्कल, होता, त्यावर कंपनी उभी राहिली. आणि २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला लिथियम बॅटरीची आग लागली, तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइल ठेवायच्या जी-ड्राइव्हवरचा ८५८ टीबी डेटा गेला, त्याची बाहेर दुसरी कॉपी नव्हती.

एसएसडीबद्दल पण सांगून ठेवतो, कारण आता तुमच्या लॅपटॉपमध्ये तीच आहे. वेगाला चांगली, पडली तरी सहसा काही होत नाही. पण हार्ड डिस्कवर फाइल डिलीट झाली तर जागा फक्त मोकळी म्हणून नोंदवली जाते, लगेच मशीन बंद केलं तर परत मिळायची आशा असते. एसएसडीवर ट्रिम नावाचं काम मागे चालू असतं, विंडोज ७ पासूनच आहे, ते मोकळी झालेली जागा खरोखर पुसून टाकतं, त्यामुळे रिसायकल बिन रिकामं केल्यावर मी बहुतेकांना नाहीच म्हणून सांगतो. आणि एसएसडी जाते तेव्हा आवाज करत नाही. काल चालू होती, आज बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या सेटिंगमध्येही, दिसत नाही, असं. पेनड्राइव्हवर तर वर्षानुवर्षं काही ठेवूच नका, नुसता ड्रॉवरमध्ये पडून पण तो विसरतो.

पुढं काय करायचं तर तुमच्या कामापुरतं सांगतो, मोठं काही नको. साध्या सीडी क्वालिटीचं स्टिरिओ रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण १० एमबी होतं, तासाला सव्वासहाशे एमबी, म्हणजे तुमचे १४० तास ८५ ते ९० जीबीत बसतात. हे एवढंसंच आहे ताई. गूगलच्या फुकटच्या १५ जीबीत मावणार नाही, पण दोन वेगळ्या कंपन्यांच्या डिस्कवर ठेवून एक माहेरी ठेवली आणि तिसरी कॉपी पैसे भरून क्लाउडवर टाकली तर झालं. तीन कॉपी, दोन प्रकारच्या जागा, एक घराबाहेर, हा हिशेब पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरने मांडला आणि आम्ही सगळे तोच सांगतो. प्रबंधाच्या फाइलला रोज तारीख टाकून सेव्ह अ‍ॅज करा, कारण फाइल करप्ट झाली तर सिंक करप्ट फाइलच वर चढवतं. महिन्यातनं एकदा माहेरच्या डिस्कवरची कुठलीही एक ओवी दुसऱ्याच कुणाच्या लॅपटॉपवर लावून पूर्ण ऐका, फाइल दिसते एवढ्यावर समाधान मानू नका. आणि कार्ड फॉरमॅट करायची घाई नको. आता कार्डं स्वस्त झालीत, प्रत्येक गावाला नवीन कार्ड घ्या, भरलं की आधी कॉपी करून घ्या, मग त्यावर गाव आणि तारीख लिहून जादा कॉपी म्हणून डबीत ठेवा.

दुकानात किंवा लॅबमध्ये डेटा घ्यायला जाल तेव्हा दोन नवीन डिस्क घेऊन जा. एकावर कॉपी झाली की तिथंच बसून दुसरीवर करून घ्या, त्यांना सांगा की मी दोन्ही उघडून बघेपर्यंत तुमच्याकडची इमेज पुसू नका, आणि घरी येताना एक डिस्क तुमच्या पिशवीत आणि दुसरी भावाच्या पिशवीत ठेवा.